भेडलेवाडीचे हेर

आपलं नाव घेऊन कुणी दुसऱ्याच्या गोष्टीत हिंडायला लागलं, की माणसाला आधी गुदगुल्या होतात, मग अभिमान वाटतो आणि शेवटी राग येतो. भेडलेवाडीत हे तिन्ही प्रकार एकाच शिमग्याच्या आधी होऊन गेले.

भेडलेवाडी म्हणजे वालावलच्या अलीकडे, कर्लीच्या खाडीला पाठ लावून बसलेली वाडी. खाली भातशेती, वर काजूच्या बागा आणि बागांच्या तोंडाशी काजूचा एक छोटा कारखाना. तिथं दुपारी वाडीतल्या बायका भाजलेल्या गरांची साल काढत बसायच्या. पूर्वी कारखान्यातल्या स्पीकरवर गाणी लागायची. यंदा दिवाळीपासून गाणी मागं पडली आणि मोबाईलवरची एक ऐकायची मालिका सुरू झाली. नाव 'पाणसाप'. हेरांची गोष्ट, दर शनिवारी नवा भाग, लेखक अगस्ती. गोष्ट दिल्लीत सुरू होऊन तुर्कस्तानात पोचली होती. पण तिथल्या बड्या हॉटेलात बसलेला हेर जेवणानंतर सोलकढी मागायचा आणि त्यातली माणसं तर सगळी ओळखीची निघाली.

"गो शेवंती, मेल्यान तुका दिल्लीक न्हेल्यान!" पहिल्यांदा ते नाव कानावर पडलं तेव्हा बायका ओरडल्याच.

शेवंती सकाळी मासे विकायची आणि दुपारी काजू सोलायची. एकदा पाहिलेला चेहरा ती विसरत नसे, मग तो माणसाचा असो की सरंग्याचा. गोष्टीतली शेवंतीही तशीच, हेरखात्याच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड लक्षात ठेवणारी. खरी शेवंती हातातला काजू तसाच धरून म्हणाली, "आधी सांगल्यान असता तर वायच बरी साडी तरी नेसलंय असतंय."

मग हळूहळू देवळातला बाबू गुरव आला. देवावर लावलेल्या पाकळ्या डावी-उजवीकडे पडलेल्या बघून बाबू देवाच्या मनातलं सांगतो. अशा माणसाला शत्रूची सांकेतिक भाषा उलगडायला कितीसा वेळ! मग अंगणवाडीतली किशोरी आली, विषतज्ज्ञ म्हणून. तिच्या खिचडीचा त्यात काही संबंध नव्हता, असं लेखक शपथेवर सांगायला तयार होता.

हा अगस्ती तिथंच होता. शेवंतीच्या डाव्या हाताला, पुढ्यात सूप घेऊन काजू सोलत बसला होता. म्हणजे बसली होती. हरिश्चंद्र गुरुजींची सून नीरजा.

नीरजाला गोष्ट रचायचं अवघड नव्हतं. पाणबुड्या, चोरलेले नकाशे, खोटे पासपोर्ट, हे सगळं भांडी घासता घासता सुचायचं. अडायचं ते नावापाशी. सुरुवातीला तिनं नायकांना विक्रांत, रणवीर अशी भारदस्त नावं देऊन पाहिली. ते सगळे दुकानाच्या दारातल्या बाहुल्यांसारखे ताठ उभे राहिले, हलायला तयार नाहीत. मग एका दुपारी वैतागून तिनं शेवंतीला हेरखात्याच्या दारात बसवलं आणि शेवंती तिला न विचारता उठून चालायला लागली. तेव्हापासून नीरजा वाडीतली नावं घेऊ लागली. फोनवर बोटानं लिहायची आणि पुण्याच्या केयूर नावाच्या संपादकाला पाठवायची. तो अगस्तीला "सर" म्हणून मेसेज करायचा. एकदा फोन झाला, तेव्हापासून बिचारा "मॅडम" म्हणायला लागला.

एक नाव मात्र वाडीतलं नव्हतं. मालिकेची नायिका संचिता. वेश बदलणारी, चार भाषा बोलणारी, कुणाच्या हाती न लागणारी. हे नाव नीरजाचं स्वतःचं होतं, माहेरच्या, देवबागच्या शाळेच्या दाखल्यावरचं. लग्नात ताटभर तांदूळ पसरून मंगेशनं अंगठीनं त्यात 'नीरजा' लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि संचिता तिथंच संपली. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले. दोन नावांनी जगायचं कसं, हे हेराला शिकवावं लागतं. वाडीतल्या निम्म्या बायकांना ते न शिकवता येत होतं.

मंगेश म्हापशाच्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळायचा आणि सुटी मिळाली की घरी यायचा. बसमध्ये तोही 'पाणसाप' ऐकायचा. घरी आला की म्हणायचा, "ही संचिता जबरी आसा हां, कोणाक आयकणा नाय!" आपल्या बायकोचं माहेरचं नाव नवऱ्याला आठवत नाही, याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, ते नीरजाला ठरवता येईना. शेवटी तिनं दोन्ही वाटू दिलं.

लपवण्याचं कारण सासरे होते. हरिश्चंद्र गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, पण वाडीतून नव्हते. ते मानकरी. देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. माणूस वाईट नव्हता, रागीटही नव्हता. फक्त एखाद्या गोष्टीला ते "पुरे आता" म्हणाले, की ती गोष्ट त्या घरात संपायची. नीरजानं बाहेरून बी.ए. करायला घेतलं होतं, ते असंच पुरे झालं. शिवणाचा वर्ग पुरे झाला. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी हात उगारला नाही. त्यामुळे भांडायला कुठं जागाच नव्हती. आता ही एकच गोष्ट तिची उरली होती आणि तिच्या बाबतीत ते दोन शब्द ऐकायची तिची तयारी नव्हती.

त्यातून गुरुजींनी एकदा जेवताना सांगितलंच, "गावच्या माणसांची नावां घेवन नसते धंदे. हो अगस्ती माज्या वर्गात असतो तर अंगठे धरून उभो केलंय असतंय."

नीरजा त्यांना भात वाढत होती. तिनं एक वाढणं जास्तच घातलं.

आणि मग सत्यवानाचं प्रकरण झालं.

सत्यवान खाडीवरचा तारी. पूर्वी माणसं पैलतीरी न्यायचा, आता पूल झाल्यावर पर्यटकांना कांदळवनातून फिरवायचा. होडी सोडण्याआधी वल्हं होडीच्या काठावर टक टक आपटायची त्याची सवय. गोष्टीतला सत्यवान बोलण्याआधी टेबलावर पेन्सिल तशीच आपटायचा. त्याचं सुरुवातीला सगळ्यांना कौतुक वाटलं. पण पुढच्या एका भागात त्यानं आपल्या आरमाराचा नकाशा शत्रूच्या जहाजावर नेऊन दिला. गोष्टीतला सत्यवान फितूर निघाला!

सत्यवान आधी हसला. धक्क्यावरून पोरं "गद्दार, गद्दार!" ओरडली, तर त्यानं त्यांच्यावर खाडीचं पाणी उडवलं. मग पर्यटकांत कुणीतरी विचारलं, "तुम्हीच का ते?" आणि त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. मग कुडाळच्या बाजारात एका ओळखीच्यानं मागून हाक मारली, "काय गद्दार, खंय चललास?" त्या दिवशी तो बाजार न करताच परतला. त्याला हसताना पुन्हा कुणी पाहिलं नाही.

शिमगा तोंडावर आला होता. शिमग्यात भेडलेवाडीच्या रवळनाथाची पालखी खाडी ओलांडून पलीकडच्या सातेरीला, म्हणजे बहिणीला, भेटायला जाते. ती जाते सत्यवानाच्याच होडीतून. हा मान त्याच्या घराण्याचा. पूल झाला म्हणून देव काही पुलावरून जात नाही. सत्यवान देवळात आला, वल्हं पायरीवर ठेवलं आणि म्हणाला, "ज्याका लोक गद्दार म्हणतत, तेच्या होडयेत देवान बसूचा बरा नाय. ज्यान माजा नाव घेतल्यान, तेना देवासमोर इवन सांगूचा, माजो गुन्हो काय तो. तवसर होडी सुटाची नाय."

वाडी हबकली. दुसऱ्याच्या होडीत देव बसवायचा विचारही कुणी बोलून दाखवला नाही, कारण मान म्हणजे काय साधी गोष्ट? मानकऱ्यांनी ठरवलं, रविवारी सकाळी देवाला कौल लावायचा. तोच सांगेल हा अगस्ती कोण ते.

नीरजाला त्या दिवसापासून घास गोड लागेना. सत्यवान गद्दार नव्हता हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, तिला आणि केयूरला. शेवटचा भाग तयार होता. त्यात सगळं उलटायचं होतं. पण तो शिमग्याच्या अगदी आधल्या शनिवारी येणार आणि तोपर्यंत हा माणूस असा मान खाली घालून हिंडणार. खरं सांगावं तर आपण उघड्यावर पडणार. केयूर तर वेगळ्याच घाईत होता. पुढच्या मालिकेला लोकांना लेखकाचं खरं नाव हवंय, म्हणे. "कोणतं नाव टाकू, मॅडम?" असं त्यानं विचारलं होतं. ती म्हणाली होती, "सांगते."

शनिवारी सकाळी सासूबाई आडाळ्यावर नारळ खोवत बसल्या होत्या. काशीबाई बोलायला मोजक्या, पण खोवताना त्यांना बोलायची लहर यायची.

"शेवंती इली," त्या म्हणाल्या. "बाबू इलो. किशोरी इली. सत्यवान इलो. वरच्या घरातल्या कुत्र्याचा पण नाव इला."

नीरजानं चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं केलं.

"आमच्या घराचा एकव नाव नाय. ना ह्यांचा, ना मंगेशचा, ना माजा." खोबरं ताटात पडत राहिलं. "अख्ख्या वाडयेत आमचीच नावां घेवक कोणाक लाज वाटात? मी लय इचार केलंय. मगे म्हटलंय, आमच्या सुनेक."

नीरजाच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. साऱ्या जगाच्या डोळ्यांत धूळ टाकणारी संचिता तिनं रचली होती आणि स्वतः मात्र अशी पकडली गेली होती! सासू-सासऱ्यांचं नाव घेऊ नये, नवऱ्याचं नाव घेऊ नये, हे अंगात इतकं मुरलेलं, की गोष्ट लिहितानाही ती नावं मनात आली नाहीत. सगळ्या वाडीवर चिखल उडाला होता आणि एकच घर कोरडं राहिलं होतं. त्यावरून म्हाताऱ्या बाईनं माग काढला.

"आनी ती संचिता," काशीबाई पुढं म्हणाल्या, "मंगेशान ताटात नाव लिवल्यान तेवा ताट मीच धरलेलंय. जुना नाव काय ता माका इसराक झाला नाय."

"आये, तुमचां नाव तोंडान कसां घेवचां?" नीरजाला एवढंच सुचलं.

"माका म्हायत आसा." काशीबाईंनी नारळाची करवंटी बाजूला ठेवली. "पण वायट वाटला. सगळ्या गावाक दिल्ली दाखवलंस. माका चुलीकडेच ठेवलंस."

नीरजा त्यांच्यासमोर पाटावर बसली. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. मग सगळं सांगितलं. अगस्ती, केयूर, शेवटचा भाग. सत्यवान फितूर नाही, हेही. "आबा पुरे म्हणतले," ती म्हणाली. "आनी शेवट आधीच फोडलो तर गोष्टीत ऱ्हवता काय?"

"गो बाये, देवाची होडी अडल्या आनी तू शेवट सांबाळतंस?" काशीबाई उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "मी कोणाक सांगूचंय नाय. सांगूचा तर तूच सांग."

रविवारी देवळाचा मांडव भरला. पुरुष देवासमोर, बायका कडेला खांबांच्या आडोशानं. सत्यवान पायरीवर बसला होता, वल्हं मांडीवर आडवं टाकून. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. बाबू गुरवानं देवाच्या पाषाणावर पाण्यानं पाकळ्या लावल्या. हरिश्चंद्र गुरुजींनी विचारलं, "बा म्हाराजा, लिवणारो हो आमच्याच वाडयेतलो काय? तसा आसात तर उजवी दी."

बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी पडली. मांडवात कुजबुज झाली.

मग सुरू झाली चौकशी. वरच्या घरातला थोरला काय? डावी. मधल्या घरातला, मुंबईला छापखान्यात होता तो? डावी. पोस्टातला? डावी. रोज पेपर वाचणारा, नाटकात काम केलेला, एकदा निवडणुकीत पडलेला, असे एकेक पुरुष देवापुढं ठेवून झाले. देवानं सगळ्यांना सोडून दिलं. अर्ध्या वाडीबद्दल त्याला कुणी विचारलंच नाही, तो तरी बिचारा काय सांगणार!

"दमलो गो देव," शेवंती नीरजाच्या कानात पुटपुटली.

नीरजा सत्यवानाकडे पाहत होती. वल्ह्यावरून तो अंगठा फिरवत होता, लाकूड कुठं तुटलंय का बघावं तसा. आत्ता उठायला हवं, हे तिला कळत होतं. पण समोर गुरुजींची ताठ पाठ होती. ती पाठ वळेल आणि ते दोन शब्द येतील.

"ऊठ गो," शेजारून काशीबाई म्हणाल्या. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "संचिता, ऊठ."

या वाडीत त्या नावानं तिला कुणी कधी हाक मारली नव्हती. मालिकेतलं नाव ऐकून बायकांच्या माना वळल्या. नीरजाला वाटलं, देवबागला पुळणीत, किनाऱ्याच्या वाळूत उभं राहून आई हाक मारते आहे आणि ती "इलंय!" म्हणून धावते आहे. ती उठली आणि देवासमोर जाऊन उभी राहिली.

"अगस्ती मीच," ती म्हणाली.

बाबू गुरव पाषाणाकडे वळून अपराध्यासारखा म्हणाला, "म्हाराजा, ह्या विचारूचाच ऱ्हवला."

सत्यवान उभा राहिला. रागापेक्षा त्याच्या तोंडावर नवल होतं. "गो बाय, तू? मी तुजा काय वायट केलंय?"

"दादा, तो दिवस आठवता?" नीरजानं विचारलं. "माजा लग्न नुकताच झालेला."

मग तिनं सांगितलं, सगळ्यांसमोर, सासऱ्यांसमोर, जे आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. दुपारी घर निजलेलं असताना ती कपड्यांची पिशवी घेऊन धक्क्यावर गेली होती आणि सत्यवानाला म्हणाली होती, मला देवबागला सोडा. नवी नवरी एकटी, पिशवी घेऊन, डोळे लाल. त्यानं काही विचारलं नाही. वल्हं काठावर टक टक आपटलं आणि होडी सोडली. मधे गेल्यावर तिला रडू फुटलं. तेव्हा त्यानं तोंड कांदळीकडे वळवलं आणि बेटाभोवती होडी फिरवत राहिला, रडून होईपर्यंत. मग म्हणाला, "पाणी ओसारला गो बाय. आता देवबाग लांब पडतला. उद्या जावया?" दुसऱ्या दिवशी तिला जावंसं वाटलं नाही. घरी त्यानं सांगितलं, सूनबाईला खंड्या पक्षी दाखवायला नेलं होतं. आणि पिशवी त्यानं होडीतच ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी वर कोकमाचे रातांबे भरून, "शेजारणीन दिल्यान" म्हणून आणून दिली.

"तुमी ता आजपर्यंत कोणाक सांगलास?" नीरजानं विचारलं. "घराक नाय, बायलेक नाय, माका सुद्दा परत कधी बोलाक नाय. ज्याच्या पोटात एवडा ऱ्हवता, तेचाच नाव मी माज्या सगळ्यात मोठ्या हेराक दिलंय. दादा, सत्यवान गद्दार नाय. तेना दिल्यान तो नकाशो खोटो. शत्रूच्या जहाजार तो आमचोच माणूस. सगळ्यांनी गद्दार म्हटल्यानी तरी तो गप ऱ्हवता, कारण तोंड उघडल्यान तर संचिता मरात. शेवटच्या भागात ता कळतला."

सत्यवानानं टॉवेलानं तोंड पुसलं, उगाच जरा जास्त वेळ.

"मगे तो शेवटाक मरता काय?" त्यानं विचारलं.

"नाय."

"नक्की?"

"नक्की. तेका पदक देवक दिल्लीक बोलवतत. तो सांगता, माका येवक जमाचा नाय, होडी सोडूची आसा."

सत्यवान हसला. सगळ्या मांडवात ते हसू पसरलं. शेवंती तर मोठ्यानं रडली, मग आपणच हसली. मग सत्यवानानं वल्हं उचललं आणि माणसांकडे वळून दटावून सांगितलं, "आता शनवारपर्यंत ह्या कोणी बाहेर बोलूचा नाय. काय?"

आणि आश्चर्य म्हणजे कुणी बोललं नाही. ज्या वाडीत वरच्या घरात तळलेला बांगडा खालच्या घराला कळतो, त्या वाडीनं एका गोष्टीचा शेवट आठवडाभर पोटात ठेवला. मुंबईच्या नातेवाइकांनी फोनवर खोदून खोदून विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, "आमका काय म्हायत!" शेवंतीला ते सगळ्यात जड गेलं. तिनं दोन दिवस मासे विकतानाही तोंड उघडलं नाही आणि गिऱ्हाइकांना वाटलं, बाई आजारी आहे. शेवटचा भाग आला तेव्हा कारखान्यात बायकांनी असे श्वास रोखले, जणू काही ठाऊकच नाही. धक्क्यावर पोरं सत्यवानाला सलाम ठोकू लागली.

फक्त गुरुजी गप्प होते. त्या दिवशी देवळातून ते चपला घालून सरळ घरी गेले होते. त्यानंतर वाढलेलं जेवले, विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. 'पुरे आता' म्हणाले नाहीत, दुसरंही काही म्हणाले नाहीत. नीरजाला ती शांतता शिव्यांहून जड झाली. ती रोज वाट पाहत होती आणि दिवसेंदिवस तिची खात्री होत चालली होती, की पालखी होऊन जाऊ दे म्हणून ते थांबले आहेत.

पालखीला मंगेश सुटी काढून आला. तो दारातच घुटमळला. "संचिता म्हणजे तू?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"मगे कोण?" नीरजा म्हणाली. "तुका जबरी वाटलेली."

तो कानापर्यंत लाल झाला आणि दिवसभर तिच्या मागंमागं हिंडला.

ढोल-ताशांत पालखी धक्क्यावर आली. होडीला आंब्याचे टहाळे बांधलेले, सत्यवान नव्या टोपीत. पालखी होडीत ठेवायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं असतं. गुरुजी पुढं झाले, हात जोडले. वाजप थांबलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज तू तुज्या भयणीक भेटूक चललंस..."

"होय म्हाराजा!" वाडी गरजली.

"ज्या काय चुकला माकला आसात ता पदरात घे. पोरांबाळांक सुखी ठेव. काजूक मोहर दी, खाडयेक मासो दी. सत्यवानाच्या वल्ह्याक बळ दी..."

"होय म्हाराजा!"

इथं गाऱ्हाणं संपतं. लोक जोडलेले हात खाली घ्यायला लागले. पण गुरुजींचे हात जोडलेलेच होते. शाळेतला तो खणखणीत आवाज जरा फाटला.

"आनी बा म्हाराजा, माज्या घरात एक सून इली. नीरजा म्हणान आमी तिका हाक मारली. पण आवस-बापाशीन तिचा नाव संचिता ठेवलेला. होडयेत बसान ती रडली आनी आमच्या घरात कोणाक कळला नाय, तेचो दोष माजो. ती लिवता. तिच्या हाताक येस दी आनी जो कोण तिका पुरे म्हणात, तेका तूच काय ता सांग रे म्हाराजा!"

क्षणभर माणसं गोंधळली. असलं गाऱ्हाणं कुणी ऐकलं नव्हतं. मग होडीतून एकटा सत्यवान ओरडला, "होय म्हाराजा!" आणि पाठोपाठ सगळी वाडी, ढोलांसकट.

नीरजानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला एवढा आनंद झाला होता, की तो चारचौघांत कसा धरावा हेच कळेना.

पालखी होडीत बसली. वल्हं काठावर टक टक वाजलं आणि देव खाडीत शिरला. मंगेश आणि गुरुजी मागच्या होडीत होते. बायका धक्क्यावरच थांबल्या, परतीची वाट पाहत. काशीबाई सुनेच्या शेजारी येऊन दगडावर टेकल्या.

"मगे, माजा काय?" त्यांनी पाण्याकडे बघत विचारलं.

"आये, तुमचां नाव मी..."

"तोंडान घेव नको. लिव. लिवताना तोंड खंय लागता?"

नीरजा हसायला लागली. खरंच की! हे इतकं सोपं तिला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. तिनं कमरेचा फोन काढला. केयूरला आधी कळवलं, पुढच्या मालिकेवर लेखकाचं नाव 'संचिता' टाका. मग नवं पान उघडलं. नव्या गोष्टीत हेरखात्याला एक मुख्य हवी होती. घरात बसल्या बसल्या माग काढणारी, कमी बोलणारी, जिच्यापुढं भले भले हेर पाटावर बसून सगळं कबूल करतील अशी.

तिनं लिहिलं, 'काशीबाई'. आणि लिहिताना, सवयीनं, डोक्यावर पदर घेतला.